मतदार यादीतून नाव उडालं तर दाद कुणाकडे मागायची? वेगळा कायदा हवा का?

गोदाकाठची

नाशिक महापालिकेचं मतदान झालं, निकाल लागले, गुलालही धुऊन झाला. मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या शहराला जवळजवळ चार वर्षांनी नगरसेवक मिळाले, चांगलं झालं. पण केंद्राबाहेरच्या टेबलांवर दर निवडणुकीला ऐकू येणारी वाक्यं याही वेळी तीच होती. "मागच्या वेळी होतं हो नाव." "ह्यांचं आहे, माझं नाही." "कार्ड आहे की माझ्याकडे, हे बघा." माणूस तासभर याद्या चाळतो, दोन केंद्रं फिरतो आणि घरी जातो.

माझं मत सरळ सांगते. कुणाला मतदानापासून रोखायला दरवेळी लाठी घेतलेले गुंड लागत नाहीत. यादीतली एक ओळ खोडली की काम झालं, आवाजही होत नाही. हे मुद्दाम होतं की हलगर्जीपणानं, हे मला ठरवता येत नाही, पण ज्याचं मत गेलं त्याला दोन्ही सारखंच. आणि त्या दिवशी त्यावर काहीही इलाज नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २३ सांगतं की उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीसाठी यादीत बदल नाही. म्हणजे माणसाला कळतं तेव्हा दार बंद होऊन कितीतरी दिवस झालेले असतात.

मला वाटतं मतदाराच्या बाजूनं एक ठोस कायदा हवा, ज्यात नाव काढायच्या आधी कारणासकट यादी वॉर्डात भिंतीवर लागली पाहिजे, निवडणुकीच्या आधी काही महिने घाऊक नावं काढणं बंद पाहिजे, आणि ज्याचं नाव मागच्या यादीत होतं नि हातात कार्ड आहे त्याला त्या दिवशी निदान पाकिटात बंद करून मत देता आलं पाहिजे, मग तपासा सावकाश. तुम्हाला काय वाटतं? अनुभव असतील तर तेही लिहा.

तर्री_कमी

पहिला नंबर माझा!

आमचे आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचं नाव यादीत एकदम ठणठणीत. आणि आई, जी रोज सकाळी रामकुंडापर्यंत चालत जाऊन येते, तिचं गायब. आजी म्हणाली बरं झालं, ह्यांना मतदानाची लय हौस होती 😀

जुना_नाशिककर

विषय चांगला आहे पण एक बाजू सुटते आहे. मी सिडकोत १९८५ पासून राहतो. आमच्या गल्लीतली निम्मी घरं मूळची बाहेरची, कुणी नांदगाव, कुणी सटाणा, कुणी धुळे. यातल्या कितीतरी जणांचं नाव गावालाही आहे आणि इथेही आहे. ग्रामपंचायतीला गावी जाऊन मत, आमदाराला इथे. त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम १७ आणि १८ प्रमाणे दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, आणि अर्जात खोटं लिहिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. किती जणांना झाली?

दुबार मत म्हणजे प्रामाणिक माणसाच्या मतावर दरोडाच आहे. तेव्हा नाव काढणं अवघड करणारा कायदा आणला तर ही घाण कधीच निघणार नाही. आधी यादी स्वच्छ करा मग हक्कांचं बघू.

तर्री_कमी

@जुना_नाशिककर काका, स्वच्छ करताना आमची आई वाहून गेली ना!

पाटीपेन्सिल

बीएलओ, म्हणजे घरोघर जाऊन यादी तपासणारी केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून काम केलंय, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लोकांना वाटतं बीएलओ घरी बसून नावं खोडतो. आम्ही शाळा सुटल्यावर, अंगणवाडीच्या ताई पोषण आहाराचं काम आटपून, घरोघर फिरतो. सोसायटीत वॉचमन वर सोडत नाही. तीनदा गेलं तरी कुलूप, कारण नवराबायको दोघं कामावर. शेजारी म्हणतो "ते गेले सोडून", तेव्हा काय लिहायचं? मयताच्या घरी जाऊन दाखला मागायला जीभ रेटत नाही आणि नाव काढायचा फॉर्म ७ भरायला घरचे कुणी येत नाहीत, म्हणून आजोबा यादीत राहतात.

सगळ्यात जास्त कुणाची नावं हरवतात ते सांगते. नव्यानं लग्न झालेल्या मुलींची. माहेरच्या गावातून नाव निघतं, "लग्न होऊन गेली" असा शेरा. सासरी मात्र नाव लावायचं कुणाच्या ध्यानात नसतं. आधी मधलं नाव वडिलांचं, आता नवऱ्याचं, आडनाव बदललेलं, आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, मतदार कार्डावर तिसरं. नवऱ्याचं नाव वीस वर्षं जागच्या जागी असतं, बाईचं मात्र दोन याद्यांच्या मधे कुठेतरी पडतं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, म्हणजे १९५१-५२ ला, देशात जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. त्या काळचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असल्या नोंदी मान्य केल्या नाहीत. त्यांचं पाऊल मला बरोबर वाटतं, कारण पुढच्या वेळी बायकांनी आपापली नावं लावली. पण बाईची नोंद नवऱ्याच्या घराला टांगलेली असते हे आजही सुटलेलं नाही.

@गोदाकाठची, कायदा करा पण त्यात बीएलओला पूर्ण वेळ माणूस द्या हेही लिहा. वर्ग सोडून याद्या करायला लावायच्या आणि चूक झाली की आमच्यावर कारवाई, हे बरोबर नाही.

काळाकोट

थोडं कायद्याचं बोलतो, लांबलं तर समजून घ्या.

धागाकर्तीनं जे मागितलंय त्यातलं बरंचसं कागदावर आहे. कलम २२ म्हणतं की "इथे राहत नाही" किंवा "पात्र नाही" या कारणानं नाव काढायचं असेल तर त्या माणसाला आधी म्हणणं मांडायची वाजवी संधी दिली पाहिजे. १९९५ साली लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावलं, की ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे त्याचं नाव काढताना नोटीस, कारण आणि ऐकून घेणं हे सगळं लागतं, घाऊक संशयावर नागरिकाला बाहेर काढता येत नाही. त्यामुळे जुने नाशिककर काका, नोटीस देणं म्हणजे दुबार नावांना संरक्षण नाही. नोटीस द्या, माणूस आला नाही किंवा दोन्हीकडे नाव निघालं तर खुशाल काढा.

आता पळवाट बघा. कलम २२ मधली ही संधी "मयत" या कारणाला लागू नाही. साहजिक आहे, मेलेल्या माणसाला नोटीस कुठे देणार. पण जिवंत माणसाला मयत दाखवलं तर? त्याला कुणी काही विचारायचंच नाही असा अर्थ होतो. तर्री_कमी यांच्या आईंचं कारण काय पडलंय ते आधी बघा.

दाद मागायची म्हणाल तर कलम २४ खाली अपील आहे, पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथे नाही झालं तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. पण आदेश झाला हेच ज्याला माहीत नाही तो पंधरा दिवस कुठून मोजणार? आणि यादीच्या कामात कर्तव्यात कसूर केली तर कलम ३२ प्रमाणे तीन महिने ते दोन वर्षं कैद आहे, चांगली कडक तरतूद आहे. फक्त कोर्टाला त्याची दखल घेता येते ती निवडणूक आयोगानं किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यानं तक्रार केली तरच. ज्याचं मत गेलं तो मतदार स्वतः कोर्टात जाऊ शकत नाही. माझ्या मते सगळं घोडं इथे अडलंय. हक्क मतदाराचा आणि किल्ली खात्याकडे.

गोदाकाठची

@काळाकोट सर, हे "मयत" वालं मला माहीतच नव्हतं. अंगावर काटा आला वाचून.

@पाटीपेन्सिल ताई, शंभर टक्के मान्य. माझा राग बीएलओंवर अजिबात नाही.

सातपूरकर

यादीचं झालं, आता सुट्टीचं बोला. मी एमआयडीसीत आहे, कंपनीचं नाव घेत नाही. परमनंट लोकांना मतदानाची भरपगारी सुट्टी मिळते, कंत्राटी पोरांना मात्र ठेकेदार सांगतो "दुपारून या" नाहीतर "खाडा लागेल". बिहार यूपीची पोरं तर सोडाच, त्यांचं नावच इथे नाही, पण आपली सिन्नर, दिंडोरीची पोरं पण कामावरच. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १३५ब आहे, मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी, रोजंदारीवाल्याला सुद्धा त्या दिवसाची मजुरी द्यायची. नाही दिली तर मालकाला दंड किती? ५०० रुपयांपर्यंत!! पाचशे रुपयात एक मशीन दहा मिनिटं पण बंद ठेवत नाही कुणी. हा आकडा वाढवा आणि ठेकेदारासोबत मूळ कंपनीला पण धरा, मग बघा रांगा.

द्राक्षबाग

सातपूरकर भाऊ, तुमचं कंपनीला बरोबर आहे पण शेतीत सुट्टी द्यायची म्हटलं तर बागेचं काम थांबत नसतं. छाटणी झाली की डीपिंग, विरळणी हे दिवसावर असतं, दोन दिवस मागं पडलं तर घड खराब. माझ्याकडं पेठ, सुरगाण्याची माणसं येतात, कुटुंबं घेऊन येतात, पिढ्यान्‌पिढ्याचा संबंध आहे. मतदानाला मी स्वतः पिकअप भरून पाठवलेत, डिझेल माझं. पण तिकडं जाऊन काही जणांना नाव नाही म्हणून परत यावं लागलं. रोज पण गेला, मत पण गेलं. त्यामुळं सगळा दोष मालकावर टाकू नका.

पेठचा_पोऱ्या

द्राक्षबाग दादा तुमच्यासारखे कमी असतात, तुमचे आभार. पण आता आमच्याकडून ऐका.

आमच्याकडे भात काढला की गाव रिकामं होतं. म्हातारी माणसं, बारकी पोरं आणि कुत्री राहतात. बाकी सगळे पिंपळगाव, दिंडोरी, ओझर, नाहीतर नाशिकच्या नाक्यावर. याद्या तपासायला माणूस येतो नेमका त्याच महिन्यांत. दार बंद. "स्थलांतरित" असा शेरा मारला की झालं. स्थलांतरित कुठे? चार महिन्यांनी पाऊस पडायच्या आत आम्ही घरीच असतो, आमचं शेत तिथे, देव तिथे, रेशन तिथे. आणि बागेच्या कडेला झोपडीत राहतो तिथे कुणी आमचं नाव लावून घेत नाही, आम्हालाही नको. म्हणजे आम्ही ना इथले ना तिथले.

माझी मावशी पहिल्यापासून मत देत आली. एकदा नाव गेलं तर ती म्हणाली, आपण मेलो असं सरकारला वाटत असेल, जाऊदे. तिनं परत लावलंच नाही. ह्याचा हिशोब कुठल्या टक्केवारीत येतो?

काळाकोट

@पेठचा_पोऱ्या, तुमच्यासाठी एक कलम पाठ करून ठेवा, १९५० च्या कायद्याचं कलम २०. त्यात स्वच्छ लिहिलंय की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून तो तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. कामाला चार महिने गेलेल्या माणसाला "स्थलांतरित" म्हणून काढणं या कलमात बसतच नाही. मावशीबाईंसाठी नाव लावायचा फॉर्म ६ भरा. मी स्वतः बघतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पेठचा_पोऱ्या

केलाय सर व्यनि. आणि हे कलम मराठीत छापून ग्रामसभेत वाचून दाखवणार.

अटलांटाकर

मी मूळचा नाशिकरोडचा, आता अमेरिकेत जॉर्जिया राज्यात. धाग्याचा विषय बघून थांबलो, कारण इथे हा वाद रोजचा आहे, आणि कायद्यानं फरक पडतो का या प्रश्नाला इथे आकड्यातलं उत्तर आहे.

दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या पुरुषांना घटनेनं १८७० सालीच मताचा हक्क दिला होता. पण नाव नोंदवायला गेलं की लिहिण्यावाचण्याची परीक्षा, आणि प्रश्न असे की वकीलही नापास व्हावा. वर मतपट्टी म्हणजे कर भरल्याशिवाय मत नाही. १९६५ च्या मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्मा गावी पुलावर मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली, त्यात जॉन लुइस होते, नंतर खासदार झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा आला. शेजारच्या मिसिसिपीत नोंदणी झालेल्या काळ्या मतदारांचं प्रमाण आधी ६.७ टक्के होतं, ते १९६७ पर्यंत जवळपास ६० टक्क्यांवर गेलं. दोन वर्षांत! माणसं तीच, गावं तीच, कायदा बदलला.

त्या कायद्याची खरी ताकद एका कलमात होती. ज्या राज्यांचा इतिहास वाईट आहे त्यांनी मतदानाचा कुठलाही नियम बदलायच्या आधी केंद्र सरकारची किंवा वॉशिंग्टनच्या कोर्टाची परवानगी घ्यायची. म्हणजे मत गेल्यावर भांडायचं नाही, जायच्या आधीच थांबवायचं. २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ असं ठरवून कुठली राज्यं यात येतात ते ठरवणारं सूत्रच रद्द केलं आणि ते कलम लुळं पडलं. टेक्सासनं त्याच दिवशी जाहीर केलं की अडकलेला ओळखपत्राचा कायदा आता लागू. जॉन लुइस यांच्या नावाचं नवं विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहात पास झालं, सिनेटमध्ये लागणारी ६० मतं मिळाली नाहीत. आमच्या जॉर्जियात २०२१ च्या कायद्यानं मतदान केंद्रापासून १५० फुटांच्या आत रांगेतल्या लोकांना पाणी किंवा खाऊ वाटायला बंदी आली, कर्मचाऱ्यांनी पाणी ठेवलं तर चालतं.

म्हणून धागाकर्तीला सांगतो, "निवडणुकीच्या आधी घाऊक नावं काढू नका" ही मागणी अव्यवहारी नाही. इथे १९९३ पासून केंद्रीय कायदा आहे, केंद्रीय निवडणुकीच्या आधीच्या ९० दिवसांत याद्यांची सरसकट साफसफाई करता येत नाही. आणि पाकिटातलं मत पण २००२ च्या कायद्यानं आहे, नाव सापडलं नाही तर तात्पुरती मतपत्रिका देतात, नंतर तपासून मोजतात.

जुना_नाशिककर

अमेरिकेची तुलना इथे कशाला? तिथे वंशाचा प्रश्न. आपल्याकडे २६ जानेवारी १९५० पासून सगळ्यांना सरसकट मत आहे, अनुच्छेद ३२६. कुणी परीक्षा घेत नाही, कुणी कर मागत नाही.

निळी_पहाट

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. याच नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला. ज्यांना देवळात जाऊ देत नव्हते त्यांना मत देऊ देत होते असं वाटतं का तुम्हाला? तेव्हा मत मालमत्ता, कर आणि शिक्षणावर ठरायचं, म्हणजे आमच्या पणजोबांना आपोआप बाहेर. बाबासाहेबांनी १९१९ ला साउथबरो समितीपुढे आणि १९२८ ला सायमन कमिशनपुढे मताधिकाराची मागणी केली, तेव्हा कुठे पुढे ३२६ आलं. ते कुणी आयतं हातात दिलेलं नाही.

आणि आपल्याकडेही यासाठी कायदा आहे बरं. अनुसूचित जाती जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ३(१)(l) मध्ये, दलित किंवा आदिवासी माणसाला मत देऊ नको म्हणून धमकावणं, अडवणं, किंवा अमक्यालाच दे म्हणून जबरदस्ती करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. पेठच्या दादांनी हेही ग्रामसभेत वाचावं.

काळाकोट

@निळी_पहाट बरोबर. त्याला एक जोड देतो. पैसे देऊन कार्ड जमा करून घेणं, "तू जाऊच नको" म्हणून घरी बसवणं, असले प्रकार कानावर येतात. लोकांना वाटतं लाच म्हणजे मत देण्यासाठीच. तसं नाही. भारतीय न्याय संहितेत कलम १६९ मधली निवडणूक हक्काची व्याख्या वाचा, मत न देण्याचा हक्कही त्यात आहे, त्यामुळे घरी बसायला दिलेले पैसेसुद्धा लाचच. धाकदपटशा असेल तर कलम १७४ खाली एक वर्षापर्यंत कैद.

सातपूरकर

घरी बसायला पैसे मिळतात?? आमच्या गल्लीत तर असला कुणी फिरकला नाही भो 😄

तर्री_कमी

अवांतर: नाशिकरोडच्या जेलमधल्या लोकांना मत असतं का? कालच एकाशी पैज लागलीय, मिसळीवर.

काळाकोट

नसतं. १९५१ च्या कायद्याचं कलम ६२(५). शिक्षा झालेले तर नाहीच, खटला चालू असलेले कच्चे कैदीसुद्धा नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतले देऊ शकतात, टपालानं. आणि २०१३ च्या दुरुस्तीनंतर कच्चा कैदी निवडणुकीला उभा राहू शकतो, मत मात्र देऊ शकत नाही. ज्याला जामीन परवडला तो बाहेर येऊन मत देतो आणि ज्याला नाही परवडला तो आत राहतो, हे मला आजवर पटलेलं नाही.

तर्री_कमी

पैज हरलो. पण हे खरंच विचित्र आहे.

व्हीलचेअर_नाशिक

यादीत नाव असूनही मत जातं त्याबद्दल दोन ओळी. ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्या मतदारांना लोकसभा विधानसभेला घरून मत देता येतं, पण त्यासाठी फॉर्म १२ड अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. पाच दिवसांत कळतं कुणाला? २० मे २०२४ च्या उन्हात मी रांगेत होतो, मागच्या लोकांनी पुढे घेतलं म्हणून जमलं. केंद्रावर रॅम्प होता पण त्याच्या तोंडाशीच बॅरिकेड लावलेलं. ते उचलायला फक्त कुणीतरी बघायला हवं होतं.

आणि एक, सहा वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, नियमच आहे. शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत येतात. "वेळ संपली" ऐकून कुणी घरी जाऊ नका.

व्यवस्थापक

एक प्रतिसाद उडवला आहे. पक्षांची नावं घेऊन आरोप नकोत. विषय चांगला चाललाय, तो तसाच चालू द्या.

जुना_नाशिककर

निळी_पहाट, तुमचा मुद्दा मी वाचला. इतिहासाबद्दल वाद नाही. पण आजच्या यादीबद्दल माझा प्रश्न तसाच आहे. बिहारला २०२५ मध्ये फेरतपासणीत लाखो नावं निघाली, त्यात मयत, दुबार, सोडून गेलेले होतेच की. मग ती काढायची नाहीत का?

गोदाकाठची

काढायची, काका. पण कशी काढली ते सांगून. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती, आणि कुणाचं का नाही हे सुरुवातीला जाहीर नव्हतं. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वगळलेल्यांची यादी कारणासह लोकांना बघता येईल अशी लावा, तेव्हा लागली. मी हेच म्हणतेय की यासाठी दरवेळी दिल्लीच्या कोर्टात का जावं लागावं, हा नियमच असला पाहिजे. यादी भिंतीवर लागली तर तुमचे दुबार पण लोकच दाखवून देतील, आणि जिवंत असलेला "मयत" स्वतः येऊन उभा राहील.

आणि नाव काढायचा अर्ज कुणी केला हेही दिसलं पाहिजे. कर्नाटकात आळंद मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीआधी ऑनलाइन फॉर्म ७ चे ६०१८ अर्ज आले होते, तपासणीत त्यातले फक्त २४ बरोबर निघाले. तिथे तपासले म्हणून वाचले. सगळीकडे एवढं कोण बघेल?

जुना_नाशिककर

६०१८ मध्ये २४? हे भयंकर आहे. कारणासह यादी भिंतीवर लावायची असेल तर माझा पाठिंबा घ्या. पण त्या दिवशीच्या पाकिटातल्या मताला माझा विरोध कायम. उद्या प्रत्येक केंद्रावर दोनशे माणसं पाकिटं घेऊन उभी राहतील, निकाल लागणार कधी?

पाटीपेन्सिल

केंद्रावर ड्युटी केलेली म्हणून सांगते, काकांची भीती अगदीच चुकीची नाही. पण पाकिटाची पद्धत आपल्याकडे अर्धी आहेच. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर प्रदत्त मत म्हणून कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात बंद होते. म्हणजे फॉर्म, पाकीट, हिशोब सगळं केंद्राध्यक्षाला शिकवलेलं असतं. फक्त नावच नसलेल्याला ती मिळत नाही. मागच्या यादीत नाव होतं हे पडताळता आलं तरच द्यायची असं ठेवलं तर दोनशे होणार नाहीत, आमच्या केंद्रावर पंधरा-वीस निघाले असते.

द्राक्षबाग

पंधरा वीस पण कमी नाहीत, ग्रामपंचायतीचा सदस्य एका मतानं पडतो.

काळाकोट

पाकिटाबद्दल माझं मत जरा वेगळं. ते आणायचं तर संसदेनं १९५१ चा कायदा आणि निवडणूक घेण्याचे १९६१ चे नियम दोन्ही बदलायला हवेत, वेळ लागेल. त्याआधी होण्यासारखं सांगतो. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकांबाबत कायदा करायचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला आहे. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरून प्रभागनिहाय फोडतात, राज्य निवडणूक आयोग त्यात नवं नाव घालत नाही नि काढत नाही, आणि या फोडण्यातच कितीतरी लोक शेजारच्या प्रभागात जाऊन पडतात. घर इथे, नाव नाल्यापलीकडे. हरकतीला मुदत असते पण ती कुणाला कळत नाही. राज्याच्या कायद्यात एवढी तरतूद करून घेता येईल की प्रभाग बदललेल्या प्रत्येक घराला मोबाईलवर आणि कागदावर कळवायचं, आणि हरकत मान्य-अमान्य झाल्याचं कारण लेखी द्यायचं. आपल्या आमदारांना पत्र देण्यासारखा विषय आहे, अशासकीय विधेयक मंत्री नसलेला कुणीही आमदार मांडू शकतो.

अटलांटाकर

काळाकोट सरांना अनुमोदन. इथेही राज्यांनी आपापले कायदे केलेत, केंद्राची वाट बघत बसले नाहीत.

गोदाकाठची

मग असं करूया. मसुदा मी लिहायला घेते, काळाकोट सर भाषा तपासतील का? राज्यासाठी प्रभागाची सूचना आणि लेखी कारण. केंद्रासाठी खासदारांना वेगळं पत्र, त्यात "मयत" कारणालाही घरी नोटीस, कलम ३२ खाली मतदाराला स्वतः तक्रार करता यावी, आणि १३५ब चा दंड. पाकिटातल्या मतावर एकमत नाही, ते पत्रात चर्चेचा मुद्दा म्हणून टाकते, मागणी म्हणून नाही. काका, चालेल?

जुना_नाशिककर

चालेल. दुबार नावांचं एक वाक्य टाका म्हणजे सही करतो. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरच्या सह्या पण आणतो.

सातपूरकर

दंडासोबत ठेकेदार शब्द पाहिजेच पाहिजे. कंपनी सुटून जाते नाहीतर.

पाटीपेन्सिल

आणि बीएलओ!

तर्री_कमी

आईचं बघितलं. कारण "मयत" पडलंय, सर. बहुतेक आजोबांच्या जागी हिचं काढलं, दोघांच्या नावाच्या ओळी खालीवर होत्या. आई आधी हसली, मग तासभर काही बोलली नाही. फॉर्म ६ आज भरला, आजोबांचा फॉर्म ७ पण भरला. पत्रावर तिची सही पहिली घ्या.